नवऱ्याचा धंदा, बायकोचा वर्ग



मागच्या बैठकीत आपण एक फॉर्म भरत होतो. भरून झालेले फॉर्म आम्ही सहज चाळले, तर 'व्यवसाय' या रकान्यात बाराजणींनी 'घरकाम' असं लिहिलेलं. त्यातल्या सातजणी रोज स्वतःच्या शेतात राबतात, दोघी डेअरीला दूध घालतात, दोघी मजुरीला जातात आणि एक शिवणकाम करते. रकान्यात मात्र सगळ्यांचं 'घरकाम'. त्यावरून बोलणं निघालं. माणसाची पायरी कशावरून ठरते? आणि बाईची कुणावरून? तेव्हा एकीनं विचारलं, "विलायतेत जात नाही म्हणतात. मग तिथं वरचा कोण, खालचा कोण, हे ओळखतात तरी कसं?"

प्रश्न चांगला होता. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, शोधलं. आज तेच तुमच्यापुढे मांडतो. गोष्ट ब्रिटनची आहे, पण ती ऐकताना तो फॉर्म डोळ्यांसमोर राहू द्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ब्रिटनमध्ये ज्याला 'क्लास' म्हणतात, म्हणजे वर्ग, तो आपल्या जातीसारखा नाही. कुणाच्या हातचं पाणी चालत नाही असा धर्माचा नियम तिथं नाही. एका वर्गातल्या माणसानं दुसऱ्या वर्गात लग्न केलं तर त्याला वाळीत टाकणारी पंचायत नाही. जन्मानं मिळालेला वर्ग माणसाला बदलता येतो, निदान तसं म्हटलं जातं. तरीही तिथला माणूस समोरच्यानं तोंड उघडताच, दोन वाक्यांत, तो कुठल्या थरातला हे ताडतो. आणि बापाची पायरी मुलाला, आईची पायरी मुलीला बहुतेक वेळा चिकटतेच. कशी, ते पाहू.

जुन्या काळी हिशेब सोपा होता. ज्याच्याकडे जमीन आणि किताब, तो वरचा. जमीन थोरल्या मुलाकडे जायची. किताब आजही बहुतेक घराण्यांत मुलालाच जातो, मुलीला नाही. त्यांच्याखाली व्यापारी, वकील, डॉक्टर, कारखानदार. आणि त्यांच्याखाली हातानं काम करणारे सगळे: शेतमजूर, खाणकामगार, गिरणीतल्या बाया, मोलकरणी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गिरण्या आणि कोळशाच्या खाणी वाढल्या, गावं ओस पडून शहरं भरली, आणि 'कामगार वर्ग' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला.

पण मधला वर्ग कुठं संपतो आणि कामगार वर्ग कुठं सुरू होतो, हे कोण ठरवणार? सीबोम राउन्ट्री नावाच्या एका अभ्यासकानं १८९९ साली यॉर्क शहरातल्या घराघरांची पाहणी केली. त्यानं रेघ कुठं ओढली माहीत आहे? ज्या घरात मोलकरीण आहे ते घर कामगार वर्गाच्या वरचं. जिथं मोलकरीण नाही ते कामगार वर्गाचं. एका बाईची पायरी दुसऱ्या बाईच्या कष्टावर मोजली गेली! १९११ च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळजवळ १३ लाख बाया घरगडी म्हणून राबत होत्या. बायकांना मिळणाऱ्या कामांत सगळ्यांत मोठं काम तेच होतं. वरच्या मजल्यावर घंटा वाजवणारी एक बाई, आणि खालच्या मजल्यावर ती ऐकून धावणारी दुसरी. दोघींच्या मध्ये फक्त एक जिना, पण वर्ग दोन.

आता येऊ १९११ सालाकडे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये जनगणना झाली. तिच्या आधारे सरकारच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातले एक डॉक्टर, टी. एच. सी. स्टीव्हनसन, यांनी माणसांचे वर्ग पाडले. पैसा किती, यावर नाही. काम काय, यावर. सगळ्यांत वर वकील, डॉक्टर, पाद्री असे लोक, आणि सगळ्यांत खाली अंगमेहनतीचे, शिक्षण न लागणारे मजूर. याच धर्तीच्या वर्गवारीनं तिथलं सरकार पुढं जवळजवळ शतकभर माणसं मोजत राहिलं.

स्टीव्हनसन यांना ही वर्गवारी कशासाठी हवी होती? बाळं का मरतात ते शोधण्यासाठी. आणि जे सापडलं ते भयंकर होतं. वरच्या वर्गात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. सगळ्यांत खालच्या मजूर वर्गात सुमारे १५३. म्हणजे दुप्पट. वर्ग म्हणजे नुसता मानपान नव्हे, मैत्रिणींनो. पाळण्यातलं मूल जगणार की नाही, तेही त्यावर ठरत होतं.

पण या मोजणीत एक खोट होती. लग्न झालेल्या बाईचा वर्ग तिच्या नवऱ्याच्या धंद्यावरून ठरे. ती स्वतः दिवसभर गिरणीत माग चालवत असेल, घरी लोकांचे कपडे धूत असेल, पाच मुलांचं करत असेल, तरी वर्गाच्या रकान्यात तिचं काम धरलंच जात नसे. नवरा खाणीत, तर ती खाणवाल्याच्या घरची. नवरा कारकून, तर ती कारकुनाच्या घरची.

गंमत बघा, नेमकी हीच जनगणना कित्येक बायकांनी मोडून काढायचं ठरवलं होतं. बायकांना तेव्हा मताचा अधिकार नव्हता. 'आम्ही मतदार म्हणून मोजल्या जात नसू, तर माणसं म्हणूनही मोजू नका,' असं म्हणत काही जणी मोजणीच्या रात्री घराबाहेर राहिल्या. एमिली डेव्हिसन ही त्यांच्यातली एक. ती तर त्या रात्री थेट संसदेच्या इमारतीत, एका कोठीत लपून बसली. राहण्याचा पत्ता म्हणून संसदेचीच नोंद व्हावी, हा तिचा डाव होता.

मत पुढं मिळालं, पण तिथंही तोच घोळ. १९१८ च्या कायद्यानं २१ वर्षांच्या वरच्या जवळजवळ सगळ्या पुरुषांना मत मिळालं. बायकांना मात्र ३० वर्षं पूर्ण झालेली हवीत, आणि वर स्वतःच्या नावे घर-जागा हवी, नाहीतर तशी जागा असलेल्या माणसाची बायको असायला हवं. मालकाच्या घरात माळ्यावर झोपणारी मोलकरीण तिशीची असली तरी बहुधा बाहेरच राहिली. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ साल उजाडलं.

आता त्या खालच्या वर्गातल्या घरात जरा डोकावू. लंडनच्या लॅम्बेथ भागात १९०९ पासून चार वर्षं काही शिकलेल्या बायकांनी एक पाहणी केली. त्यांच्या प्रमुख होत्या मॉड पेम्बर रीव्ह्ज. जिथं नवऱ्याला आठवड्याला सुमारे एक पौंड, म्हणजे २० शिलिंग मिळत, अशी घरं त्यांनी निवडली. ही सगळ्यांत गरीब घरं नव्हेत. रोज कामावर जाणाऱ्या, व्यसनी नसलेल्या माणसांची ही घरं. बायकांना वह्या दिल्या आणि आठवड्याचा हिशेब लिहायला सांगितला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी तोंडी सांगितलं, दुसऱ्या कुणी लिहून घेतलं. आपल्या गटाच्या वहीसारखंच!

तेव्हा खात्यापित्या लोकांचं ठाम मत होतं की गरिबांची मुलं मरतात ती आया अडाणी असतात म्हणून. त्यांना पैसा वापरता येत नाही म्हणून. वह्यांनी वेगळंच सांगितलं. भाड्यातच जवळजवळ तिसरा हिस्सा जायचा, आणि तेही अंधाऱ्या, ओल आलेल्या खोल्यांसाठी. मग कोळसा, दिवा, साबण. आणि एक खर्च वाचून आमचं काळीज हललं: मुलांच्या अंत्यविधीचा विमा. दर मुलामागे आठवड्याला एक पेनी. मूल गेलं तर त्याला बेवारशासारखं पुरावं लागू नये म्हणून आई दुधाचे पैसे काढून तो हप्ता भरायची. उरलेल्यात जेवण. त्यातलं चांगलं नवऱ्याच्या ताटात, कारण तो आजारी पडला तर सगळंच बंद. मुलांना पाव. आईला जे उरेल ते. त्या आया अडाणी नव्हत्या. त्यांच्याइतका काटेकोर हिशेब बँकेतसुद्धा होत नसेल. कमी होता तो पैसा.

मग या बायकांनी नुसतं सोसलं का? नाही. इथं आपल्याला जवळची वाटणारी गोष्ट येते. १८४४ साली रॉशडेल नावाच्या गिरणगावात २८ कामगारांनी मिळून एक सहकारी दुकान काढलं होतं. भेसळ नाही, उधारी नाही, आणि नफा सभासदांना त्यांच्या खरेदीप्रमाणे वाटून. अशी दुकानं देशभर झाली. माल घ्यायला टोपली घेऊन जायची ती बाईच. पण सभेत तिला कोण विचारतंय? ॲलिस ॲक्लंड नावाच्या बाईंनी सहकाराच्या वर्तमानपत्रात नेमकं हेच दुखणं मांडलं, की बायकांना फक्त 'या आणि विकत घ्या' एवढंच सांगितलं जातं. त्यातून १८८३ साली सहकारी स्त्रियांचा संघ उभा राहिला, विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड. गावोगावी शाखा, आठवड्याची बैठक, आणि सभासद बहुतेक कामगारांच्या बायका. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली होती.

या संघाच्या चिटणीस होत्या मार्गारेट लेवेलिन डेव्हिस. त्या स्वतः सुखवस्तू घरातल्या, पण बायकांच्या वतीनं बोलण्यापेक्षा त्यांनी बायकांनाच बोलतं केलं. बाळंतपणाचे अनुभव पत्रानं कळवा, असं त्यांनी सभासदांना सांगितलं. शेकडो पत्रं आली. त्यांतली १६० पत्रं १९१५ साली पुस्तक म्हणून छापली गेली. दिवस भरेपर्यंत केलेली धुणी, पडलेले गर्भ, गेलेली मुलं, बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी चुलीपुढं उभं राहणं, हे सगळं त्या बायकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. १९११ च्या आकड्यांमागे कोण होतं, ते देशाला तेव्हा कळलं.

त्याआधीच या संघानं एक लढाई जिंकली होती. १९११ च्या विमा कायद्यानं विमा उतरलेल्या कामगाराच्या बायकोला बाळंतपणासाठी ३० शिलिंग मिळू लागले. पण पैसे हातात पडायचे नवऱ्याच्या. संघानं आवाज उठवला, की बाळंत होते बाई, मग पैसे तिचे का नाहीत? १९१३ साली कायदा सुधारला आणि ते ३० शिलिंग आईच्या मालकीचे झाले.

पुढं हाच धागा एलिनॉर रॅथबोन या खासदार बाईंनी उचलला. मुलं वाढवणं हे देशाचं काम आहे, त्याचा मोबदला आईला द्या, असं त्या वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. १९४५ साली कुटुंब भत्त्याचा कायदा आला, तेव्हा मसुद्यात पैसे बापाच्या नावे होते! रॅथबोन बाई संसदेत उभ्या राहिल्या, इतर बायकांनी साथ दिली, आणि भत्ता आईला मिळेल असा बदल झाला. दुसऱ्या मुलापासून पुढं दर मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग. पहिला हप्ता वाटला गेला तो १९४६ च्या ऑगस्टमध्ये. रॅथबोन बाई मात्र तो दिवस पाहायला नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्या वारल्या. पोस्टात जाऊन स्वतःच्या नावानं पैसे उचलताना त्या बायांना काय वाटलं असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

इथवर काम आणि पैसा झाला. पण ब्रिटनमध्ये पैसा आला म्हणून वर्ग बदलतोच असं नाही. त्याची आणखी दोन कुलपं आहेत: जीभ आणि शाळा.

जिभेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, फक्त ती तिकडची आहे हे कदाचित माहीत नसेल. पु. ल. देशपांडे यांचं 'ती फुलराणी' आठवतं ना? भक्ती बर्वे यांनी गाजवलेली ती मंजुळा? ते नाटक बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं आहे. ते लंडनच्या रंगभूमीवर १९१४ साली आलं. त्यात लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी एलायझा आहे. भाषेचे एक पंडित पैज लावतात, की हिचे उच्चार सुधारून मी हिला बड्या लोकांत खपवून दाखवीन. ते खपवतातही. पण मग प्रश्न उरतो, की आता ही मुलगी कुठली? फुलांच्या टोपलीकडे परत जाता येत नाही, आणि बंगल्यात तिचं म्हणून काही नाही. आपल्याकडे 'आनि पानी' म्हणणाऱ्याला हसतात, तसं तिकडे शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळणाऱ्याला हसतात. फरक इतकाच, की तिथं त्यावरून नोकरीसुद्धा जाते-येते.

नुसते उच्चार नव्हे, शब्दसुद्धा. १९५० च्या दशकात नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेनं यावर लिहिलं आणि मोठी चर्चा झाली. जेवताना मांडीवर घ्यायच्या रुमालाला 'नॅपकिन' म्हटलं तर वरचा वर्ग. 'सर्व्हिएट' म्हटलं तर खालून वर चढू पाहणारा. गंमत अशी, की जास्त नटवा शब्द वापरणाराच पकडला जातो. मार्गारेट थॅचर या ग्रँथम गावच्या किराणा दुकानदाराची मुलगी. १९७९ साली त्या ब्रिटनच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. पण त्याआधी त्यांनी आपला आवाज, बोलण्याची पट्टी शिकवणी लावून बदलून घेतली होती. पंतप्रधान होणाऱ्या बाईलाही हे चुकलं नाही.

आता शाळा. तिथं 'पब्लिक स्कूल' म्हणतात ती सार्वजनिक शाळा नव्हे. ती भरमसाट फीची खासगी शाळा. एकट्या इटन या मुलांच्या शाळेतून आजवर २० पंतप्रधान निघाले. ब्रिटनमध्ये फी भरून शिकणारी मुलं शंभरात सातच्या आसपास. पण २०१९ सालच्या एका पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के अशा शाळांतून आलेले निघाले. सात टक्क्यांतून पासष्ट टक्के!

साध्या घरच्या मुलांसाठी १९४४ च्या कायद्यानं माध्यमिक शिक्षण फुकट झालं, हे मोठंच पाऊल होतं. पण अकराव्या वर्षी एक परीक्षा होई. पास झाला तो ग्रामर शाळेत, पुढं कॉलेजकडे. नापास झाला तो दुसऱ्या शाळेत, पुढं बहुधा कारखान्याकडे. अकरा वर्षांच्या लेकराचा वर्ग एका सकाळी ठरून जायचा. आणि मुली जास्त पास होतात म्हणून काही ठिकाणी त्यांना मुलांपेक्षा जास्त गुण लागतील अशी सोय केली होती. हुशारीचीसुद्धा शिक्षा!

आता परत कामाकडे येऊ, कारण काम 'कुशल' की 'अकुशल' हे ठरवण्यातही वर्ग आणि बाई दोन्ही असतात. १९६८ साली लंडनजवळच्या डॅगनम इथं फोर्ड मोटारीच्या कारखान्यात १८७ बायका गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होत्या. शिवणयंत्रावर चाचणी दिल्याशिवाय त्यांना काम मिळत नसे. तरी कंपनीनं त्यांचं काम कमी कसबाच्या श्रेणीत टाकलं. वर त्या श्रेणीतल्या पुरुषापेक्षाही पगार कमी, त्याच्या ८५ टक्के. बायकांनी संप केला. कव्हरं नाहीत म्हणजे गाड्या नाहीत; सगळा कारखाना अडला. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांना बोलावून चहाबरोबर बोलणी केली आणि तडजोड झाली. दोन वर्षांनी, १९७० साली, समान वेतनाचा कायदा आला. पण 'आमचं शिवणकाम हे कसब आहे' ही मूळची मागणी मान्य व्हायला १९८४ साल आणि आणखी एक संप लागला. शिवणयंत्र चालवणाऱ्या मैत्रिणींनो, लक्षात ठेवा: कसब हातात असतं, पण त्याचं नाव कागद ठरवतो.

आणि कागदावर रंगही दिसतो. जयाबेन देसाई मूळच्या गुजरातच्या. लग्नानंतर आफ्रिकेत राहिल्या, तिथून ब्रिटनला गेल्या. आफ्रिकेत बऱ्या स्थितीत असलेली अशी कितीतरी कुटुंबं ब्रिटनमध्ये उतरली ती थेट कारखान्याच्या कमी पगारावर. बाई तीच, साडी तीच, पण समुद्र ओलांडला आणि वर्ग बदलला. १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून जयाबेन बाहेर पडल्या. सक्तीचा जादा वेळ आणि अपमान यांच्या विरोधात संप सुरू झाला, तो जवळजवळ दोन वर्षं चालला. साड्या नेसलेल्या बायका थंडीत फाटकाशी उभ्या, आणि त्यांच्या पाठीशी हजारो गोरे कामगार आले. संप हरला. पण परदेशातून आलेली बाई गप्प बसते, हा समज त्यानंतर कुणी छातीठोकपणे सांगितला नाही.

पुढं काळ बदलला. १९८० च्या कायद्यानं सरकारी घरांतल्या भाडेकरूंना ती घरं विकत घेता आली. लाखो कामगार घरमालक झाले. ज्यांना घेता आली नाहीत ते आणखी मागं पडले. १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा वर्षभर संप झाला. त्यात खाणवाल्यांच्या बायकांनी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. ज्या कधी सभेत बोलल्या नव्हत्या त्या व्यासपीठावर भाषणं करू लागल्या. संप फसला, खाणी बंद होत गेल्या, आणि जमिनीखालची शेवटची मोठी खाण २०१५ साली बंद झाली. गिरण्या त्याआधीच गेल्या होत्या. मग कामगार वर्ग संपला का?

नाही. त्याचा पोशाख बदलला. आज तो म्हाताऱ्यांची देखभाल करणारी बाई आहे, दुकानात गल्ल्यावर बसणारी आहे, कार्यालयं झाडणारी आहे. सरकारनंही मोजायची पद्धत बदलली. २००१ च्या जनगणनेपासून नुसता धंदा नव्हे, तर नोकरी किती भरवशाची, पगार महिन्याचा की तासाचा, कामावर स्वतःचा किती ताबा, हे पाहतात. आणि 'कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष' हेही कागदावरून गेलं.

२०१३ साली अभ्यासकांनी एक नवी वर्गवारी मांडली. त्यांनी लोकांना तीन गोष्टी विचारल्या. पैसा आणि घर किती? ओळखी कुणाकुणाशी, डॉक्टर, वकील ओळखीचे की सफाई कामगार? आणि आवडीनिवडी काय, नाटक पाहता की काय? त्यांतून सात वर्ग निघाले. सगळ्यांत वर सुमारे ६ टक्के, आणि सगळ्यांत खाली सुमारे १५ टक्के, ज्यांना उद्याची खात्री नाही. इंटरनेटवरच्या त्या प्रश्नावलीला दीड लाखाहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. पण ती दिली कुणी? जास्त करून शिकलेल्या, सुस्थितीतल्या लोकांनी. तळातली माणसं फारशी आलीच नाहीत. म्हणून वेगळी, समोरासमोर विचारून पाहणी करावी लागली. म्हणजे आजही मोजणीत मागं राहतो तो खालचाच.

आणि लोक स्वतःला काय समजतात? २०१६ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत ६० टक्के लोकांनी 'आम्ही कामगार वर्गातले' असं सांगितलं. पण अंगमेहनतीची वा साचेबंद कामं करणारे होते फक्त २५ टक्के. बाप खाणीत होता, आई गिरणीत होती. मुलगा कॉम्प्युटरपुढं बसला तरी मनानं तिथलाच राहिला. वर्ग म्हणजे आठवणसुद्धा.

शेवटी एक गोष्ट, जी आम्हाला सगळ्यांत जास्त खटकली. ब्रिटनमध्ये २०१० साली समतेचा मोठा कायदा झाला. लिंग, वंश, धर्म, वय, अपंगत्व अशा नऊ गोष्टींवरून भेदभाव करायला त्यात मनाई आहे. त्या नऊ गोष्टींत वर्ग नाही. तुझं बोलणं गावंढळ आहे, तू अमक्या वस्तीतली आहेस, म्हणून कुणी डावललं तर त्या नावानं दाद मागता येत नाही. आणि १९११ चा तो पाळणा आठवा. आज बाळं तशी मरत नाहीत, फार मोठा फरक पडला आहे. पण इंग्लंडमधल्या सगळ्यांत गरीब भागातली बाई सगळ्यांत सुखवस्तू भागातल्या बाईपेक्षा निरोगी आयुष्याची सुमारे १९ वर्षं कमी जगते. पायरी अजून शरीरावर लिहिली जाते.

तर मग आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर काय? विलायतेत वर्ग ठरतो तो कामावरून, घरावरून, शाळेवरून, जिभेवरून, ओळखींवरून. पण त्याहून महत्त्वाचं, तो ठरतो कोण मोजतंय आणि कुणाचं काम मोजलं जातंय यावरून. जोवर दुसऱ्यांनी मोजलं तोवर बाई नवऱ्याच्या धंद्याच्या रकान्यात बसली. ज्या दिवशी तिनं स्वतः वही लिहिली, पत्र लिहिलं, गट केला, पैसे स्वतःच्या नावावर मागितले, त्या दिवसापासून रकाना हलायला लागला. सगळा हलला नाही, पण हलला.

पुढच्या बैठकीत ते बारा फॉर्म आपण पुन्हा काढणार आहोत. प्रत्येकीनं सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं, ते आधी वहीत लिहून आणा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं लिहावं. मग 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.

येतो आम्ही. नमस्कार.